दिव्यांग मुलाचं शिक्षण आणि कायदा: पालक हमखास विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या गट साधन केंद्रात, म्हणजे गावोगावच्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रात, विशेष शिक्षिका म्हणून मी बरीच वर्षं फिरले. स्कूटीच्या डिकीत ब्रेल पाटी, मणी ओवायची पेटी, कानाच्या मशीनचे सेल आणि अर्जांचे कोरे नमुने. शाळा बदलायच्या, गावं बदलायची, पालकांचे प्रश्न मात्र तेच. उत्तर देताना दर वेळी थोडा इतिहास सांगावा लागायचा, कारण आजची अडचण बहुतेक वेळा जुन्या एका वाटणीतून आलेली असते. आपल्याकडे हे मूल दोन खिडक्यांत वाटलं गेलं: एक शिक्षण खात्याची, दुसरी कल्याण खात्याची. खालच्या उत्तरांत या दोन खिडक्या पुन्हा पुन्हा येतील.

शाळा म्हणते, "आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत घाला." असं म्हणता येतं का?

नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारकडून पैसा घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा आली, अनुदानित आली आणि भरमसाट फी घेणारी खासगी शाळाही आली. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घ्यायलाच मनाई करतं. सोय नसेल तर ती करायची जबाबदारी कायद्यानं शाळेवर आणि सरकारवर टाकलेली आहे.

व्यवहारातली गोष्ट वेगळी. नकार कधीही कागदावर येत नाही. "आम्हाला घ्यायला काहीच हरकत नाही हो, पण तुमच्याच मुलाचे हाल होतील," असं गोड बोलून पालकाला परत पाठवलं जातं. अशा वेळी आवाज न चढवता एवढंच म्हणा, "सर, तेवढं लिहून द्या." लिहून देण्याची वेळ आली की बऱ्याच शाळांना अचानक जागा सापडते.

कायदा नव्हता तेव्हा ही मुलं शिकतच नव्हती का?

शिकत होती, पण फार थोडी, आणि ज्याच्या नशिबात कुणी भला माणूस आला तीच. मुंबईत माझगावला कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास उभी राहिली, ती कॅथलिक मिशनऱ्यांच्या पुढाकारानं. देशातली ती अशी पहिली शाळा मानतात. दृष्टिहीनांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी काढली. १९०० मध्ये अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी मुंबईत अंध मुलांना शिकवायला सुरुवात केली. दादरची जुनी अंधशाळा ती हीच. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पुण्यात अंधशाळा १९३४ ची. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये आणि पुण्यात कामायनी १९६४ मध्ये सुरू झाली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांचा तर कुणी विचारच करत नव्हतं. डॉ. मिथू अलूर यांनी स्वतःच्या मुलीला शाळा मिळेना म्हणून १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली.

या यादीत मिशनरी आहेत, दानशूर शेटजी आहेत, हट्टी आई आहे. सरकार कुठंच नाही. महाराष्ट्रातली मुंबई-पुण्याबाहेरची गावं तर नाहीतच.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळात देशात ब्रेलच्याही निरनिराळ्या लिप्या होत्या. एका प्रांतातलं मूल दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक वाचू शकत नसे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीसकट सगळ्या भारतीय भाषांना सहा टिंबांची एकच घडी मिळाली. पाटीवर ब्रेल लिहिताना कागद उलट्या बाजूनं टोचायचा असतो, त्यामुळे मूल उजवीकडून डावीकडे लिहितं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतं. पहिलीतलं मूल महिन्याभरात हे करू लागतं. शेजारी बसलेल्या डोळस मास्तरांना वर्षभर जमत नाही. मला दोन महिने लागले होते.

मग सरकार यात केव्हा पडलं?

कागदावर बरंच लवकर. ब्रिटिश सरकारच्या १९४४ च्या सार्जंट अहवालानं म्हटलं होतं की या मुलांचं शिक्षण हे राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावं आणि ते शिक्षण खात्यानं बघावं. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानंही तेच सांगितलं: शक्य असेल तिथं ही मुलं नेहमीच्याच शाळेत शिकावीत, दयेपोटी वेगळी काढू नयेत.

घडलं उलटं. विशेष शाळांना अनुदान द्यायचं काम गेलं समाजकल्याणकडे. १९७४ मध्ये केंद्रानं अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली, म्हणजे मूल नेहमीच्या शाळेत बसणार आणि पुस्तकं, प्रवास, साधनं यांचा खर्च सरकार देणार. पण ही शाळेची योजना सुरू झाली ती समाजकल्याण विभागात! शिक्षण विभागाकडे ती यायला १९८२ उजाडलं. आठ वर्षं शाळा एका खात्याच्या आणि शाळेतल्या एका मुलाचा खर्च दुसऱ्या खात्याचा.

महाराष्ट्रात ही वाटणी अजून चालू आहे. तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर ते शिक्षण विभागाचं. तेच मूल निवासी कर्णबधिर विद्यालयात गेलं की ते कल्याण खात्याचं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. चांगलं झालं, खिडकीला स्वतःची पाटी आली. खिडक्या मात्र दोनच राहिल्या.

१९९५ च्या कायद्याचं एवढं कौतुक का?

त्याआधी देशात दिव्यांगांच्या हक्कांचा सर्वसमावेशक कायदाच नव्हता म्हणून. योजना होत्या, आणि योजना म्हणजे पैसे असतील तोवर. १९९३ ते २००२ हे आशिया-पॅसिफिक प्रदेशानं दिव्यांगांचं दशक म्हणून जाहीर केलं होतं आणि भारतानं त्यावर सही केली होती. तरी विधेयक रखडत होतं. दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांचे साथीदार दिल्लीत रस्त्यावर उतरले, अधिवेशन संपायच्या बेतात असताना डिसेंबर १९९५ मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला आणि तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला.

शाळेपुरतं बोलायचं तर त्याचं कलम २६ महत्त्वाचं: प्रत्येक अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण. इतर मुलांचा मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीनं आला आणि तोही चौदा वर्षांपर्यंतच. म्हणजे या बाबतीत आपली मुलं आधी आणि चार वर्षं पुढे होती. पालकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही.

कमतरता दोन. यादीत सातच प्रकार होते. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल त्यात बसत नव्हतं, अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित अडणं, तर नव्हतीच. आणि कायदा कल्याण मंत्रालयाचा होता, तो शाळेतल्या मुख्याध्यापकापर्यंत पोहोचलाच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एका केंद्रप्रमुखांनी मला खरोखर विचारलं होतं, "हा समाजकल्याणचा जीआर आमच्याकडे कशाला आणलाय?" कायद्याला जीआर म्हणाले, ते एक वेळ सोडून देऊ.

शिक्षण हक्क कायदा तर सगळ्या मुलांचा आहे ना?

आज आहे. २००९ मध्ये आला तेव्हा जेमतेम होता. मूळ कायद्यात दिव्यांग मुलांविषयी एक परंतुक (कलमाला जोडलेली अट) होतं, त्याचा अर्थ असा की या मुलांना १९९५ च्या कायद्याच्या पाचव्या प्रकरणाप्रमाणे शिक्षण मिळेल. थोडक्यात, पलीकडच्या खिडकीवर जा. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत ज्या वंचित गटांची नावं होती, त्यांत दिव्यांग मूल नव्हतं.

संघटनांनी आवाज उठवल्यावर २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्टपासून लागू झाली. दिव्यांग मूल वंचित गटात आलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असलेली मुलंही कायद्याच्या कक्षेत आली आणि तीव्र अक्षमता असलेल्यांना घरी राहून शिकायचा पर्याय मिळाला.

२५ टक्क्यांचा अर्ज भरताना महाराष्ट्रात वंचित गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पगारदार पालकांना हे माहीतच नसतं आणि ते अर्जच करत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला.

२०१६ च्या कायद्यानं नेमकं काय बदललं?

मुळापासून सांगते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला, भारतानं तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. त्या करारातलं २४ वं कलम सरळ सांगतं की शिक्षण सर्वसमावेशक हवं. मग जुना कायदा बदलणं भागच होतं. तरी नऊ वर्षं मसुदे फिरले. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

सातचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा-भाषा दोष, स्नायूंचे विकार, ठेंगणेपणा, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, अ‍ॅसिड हल्ल्याचे बळी हे सगळे त्यात आले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव विदर्भात आणि नंदुरबारकडे लोकांना चांगलंच ठाऊक आहे. ते मूल दिसायला धडधाकट असतं, पण सांधे धरले की आठ-आठ दिवस शाळा बुडते आणि गुरुजी हजेरीपटावर लाल शाई मारत बसतात. ते मूल या कायद्याच्या छत्राखाली येणं ही मोठी गोष्ट होती.

दुसरा बदल म्हणजे 'वाजवी सोय' हा शब्द. मुलानं शाळेत मावायचं की शाळेनं मुलासाठी हलायचं, याचं उत्तर त्यात आहे. व्हीलचेअरवरची मुलगी सातवीत गेली आणि सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर वर्ग खाली आणायचा. याला दमडीही लागत नाही. कानाला मशीन असलेल्या मुलाला पंख्याखालून हलवून पुढच्या बाकावर बसवायचं. मशीनला पंख्याचा आवाज शिक्षकाच्या आवाजाइतकाच मोठा ऐकू येतो. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची. दिव्यांग मुलाच्या, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलासोबत येणाऱ्या माणसाच्याही, प्रवासाची सोय करायची. हे सगळं कलम १६ मध्ये आहे.

लक्षणीय (४० टक्के किंवा जास्त) दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं, आणि शाळा जवळची नेहमीची हवी की विशेष, हे निवडायचा अधिकारही. पुढे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव. १९९५ च्या कायद्यात त्या ३ टक्के होत्या.

आणि रॅम्प. रॅम्पबद्दल माझं मन फार कडू आहे. नियम असा की एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी हवी. एका शाळेत मी गेले तेव्हा तीन फुटांच्या ओट्याला सात-आठ फुटांचा रॅम्प होता, वर गुळगुळीत फरशी, बाजूला कठडा नाही आणि रॅम्प जिथं संपतो तिथं कायम कुलूप लावलेलं ग्रील. तपासणीच्या फॉर्ममध्ये "रॅम्प आहे का?" समोर "होय". मुलं त्याचा घसरगुंडी म्हणून उत्तम वापर करत होती.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के नसतील तर काहीच मिळत नाही का?

काही गोष्टी मिळत नाहीत. कलम ३१ चा हक्क, आरक्षण, बऱ्याच शिष्यवृत्त्या यांना ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला लागतो. त्यालाच लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. पण शाळेत प्रवेश, भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना टक्क्यांची अट नाही.

हे स्पष्ट व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. लिहिताना हाताला पेटका येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) नाकारला, कारण तो टक्क्यांत बसत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात न्यायालयानं सांगितलं की लेखनिक ही वाजवी सोय आहे, ती मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांखालच्या पण लिहिण्यात अडचण असणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

दाखल्याच्या रांगेचा माझा अनुभव सांगते. जिल्ह्याच्या रुग्णालयात बुधवारी कॅम्प. पहाटेच्या एसटीनं आलेली एक आई, पाठीवर अकरा वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय जन्मापासून निकामी. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "पेशंट चालत का आला नाही?" त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोराला टेबलासमोरच्या फरशीवर अलगद ठेवला आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन-लेखन अडणाऱ्या मुलांना दहावीला सवलत आहे असं ऐकलं. कायद्यात ती केव्हा आली?

कायद्यात २०१६ ला, पण महाराष्ट्रात त्याच्या वीस वर्षं आधीपासून. इथं आपल्या राज्याला शाबासकी दिलीच पाहिजे. मुंबईतल्या पालकांनी आणि डॉक्टरांनी पाठपुरावा केला, १९९६ मध्ये राज्य सरकारनं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत औपचारिक सवलती दिल्या. ज्यादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट, एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयातल्या क्लिनिकमध्ये यासाठी लांबच लांब रांगा असत.

या सवलतींचा लाभ मात्र बराच काळ शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुरता राहिला. तपासणी करायची तर चाचण्या इंग्रजीत. मराठी शाळेतलं मूल "घोडा" ऐवजी "धोडा" लिहायचं, 'क्ष' आणि 'ज्ञ' दिसले की वाचनच थांबवायचं आणि शिक्षक म्हणायचे, ढ आहे. मराठीत वापरता येतील अशा चाचण्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' या नावानं २०१५ मध्ये आणल्या.

लेखनिक आणि ज्यादा वेळ: शाळा टाळाटाळ करते, काय करू?

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं होतं: तासाला किमान २० मिनिटं ज्यादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतःचा आणायचा की मंडळाकडून घ्यायचा, हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. स्वतःचा असेल तर तो शिक्षणानं परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा हवा, असं त्या सूचनांत होतं.

दहावी-बारावीचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. नववीतच कागद तयार ठेवा. जानेवारीत धावपळ करणाऱ्या पालकांना मी काहीही मदत करू शकलेले नाही. आणि नुकसान झालं तर भरपाई मिळेलच असं नाही. २०२१ मध्ये डिसग्राफिया (लिहिण्यातली अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत तिच्या हक्काचा ज्यादा तास दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं तो अन्याय आहे असं मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला उपाय शोधायला सांगितला, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही.

विशेष शाळा बरी की नेहमीची?

हा प्रश्न लोक मला दार बंद करून विचारतात. कायदा दोन्ही वाटा उघड्या ठेवतो, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ठेवतं. जगाचा कल युनेस्कोच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यापासून नेहमीच्या शाळेकडे आहे, आणि माझाही.

पण कर्णबधिर मुलांच्या बाबतीत मी अडखळते. त्यांना भाषा हवी, आणि भाषा बोलणारी माणसं हवीत. सत्तर मुलांच्या वर्गात खुणांची भाषा येणारं कुणीही नसेल तर ते मूल समाविष्ट आहे फक्त पटावर. अर्थात आपल्या कर्णबधिर विद्यालयांनीही दशकानुदशकं खुणांना बंदी घातली. ओठ वाचा, तोंडानं बोला. इटलीत मिलानला १८८० मध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावर झालेल्या परिषदेत ठरलेलं ते धोरण युरोपातून आपल्या वर्गांपर्यंत आलं आणि इथंच मुरलं. मुलं मधल्या सुट्टीत, मोरीपाशी, एकमेकांना खुणा शिकवायची. २०१६ च्या कायद्यानं सांकेतिक भाषेला संवादाचं माध्यम म्हणून मान्यता दिली आणि भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झाली. उशीर किती झाला याचा हिशेब मी करत नाही.

गुरुजी म्हणतात, "मुलाला घरीच ठेवा, आम्ही येऊन शिकवू." हे चालेल?

तीव्र किंवा बहुविध अक्षमता असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे तो पालकांचा पर्याय आहे. शाळेला मुलाला घरी बसवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. घरी येणारा शिक्षक आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यातून एकदा येतो. मीही तशीच जात होते. दीड तासात हात-पाय हलवून घेणं, चमच्यानं खाणं, चार चित्रकार्डं. बाकी आठवडा मूल छताकडे बघतं. मुलाला उचलून शाळेत नेता येत असेल, तर परिपाठापुरतं का होईना, न्या.

अमेरिकेत म्हणे प्रत्येक मुलाचा आयईपी असतो. आपल्याकडे का नाही?

न्यू जर्सीहून परत आलेल्या एका जोडप्यानं मला मुलीची फाईल दाखवली होती. वर्षभरात ती काय शिकेल, कोण शिकवेल, आठवड्यात वाचा-उपचाराची किती मिनिटं, सगळं लिहिलेलं, खाली आई-बाबांची सही. आयईपी म्हणजे तोच वैयक्तिक शिक्षण आराखडा.

तो तिथंही सुखासुखी आलेला नाही. १९७० पर्यंत अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत "हे मूल शिकण्याजोगं नाही" असं ठरवून शाळा दार लावू शकत होत्या. पेनसिल्व्हेनियात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांची संघटना कोर्टात गेली. वॉशिंग्टन शहरात मिल्स खटला उभा राहिला; शाळा मंडळानं सांगितलं, पैसे नाहीत. १९७२ मध्ये न्यायाधीश जोसेफ वाडी यांनी निकाल दिला, त्याचा मतितार्थ असा: पैसे कमी असतील तर कमी पडू देत, पण ती तोशीस एकट्या या मुलांनी सोसायची नाही. २९ नोव्हेंबर १९७५ ला अध्यक्ष फोर्ड यांनी या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. दहा लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, हे त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. खर्चाचा ४० टक्के वाटा केंद्र देईल असंही वचन होतं. ते आजवर पाळलेलं नाही. पैशाच्या बाबतीत सरकारं सगळीकडे सारखीच.

फरक असा की तो कायदा शिक्षणाचा आहे. पालकाला आराखड्यावर सही करायचा आणि न पटल्यास सुनावणी मागायचा हक्क आहे. आपल्या कलम १६ मध्ये मुलाला वैयक्तिक आधार द्या एवढंच आहे. कुणी, कधी, कोणत्या कागदावर, हे नाही. समग्र शिक्षा योजनेत आराखडे भरले जातात. मीही शेकडो भरलेत, मार्चअखेरीला, एका बैठकीत वीस-वीस.

शाळेत विशेष शिक्षकच नाही. असायला हवा ना?

हवा. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. राज्यांनी पदं भरली नाहीत म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. इथंही जुन्या दोन खिडक्या आहेतच: विशेष शिक्षकाचं प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या ताब्यात, बाकी शिक्षकांचं दुसऱ्या परिषदेच्या. आणि माझ्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षं कंत्राटी. दर वर्षी करार संपला की मुलांना सांगायचं, बाई बहुधा जूनमध्ये येतील.

'अपंग', 'दिव्यांग', 'विशेष': कोणता शब्द बरोबर?

सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून तो शब्द सुचवला आणि वर्षभरात खात्यांच्या पाट्या बदलल्या. चळवळीतल्या अनेकांना तो आवडत नाही. दिव्य काही नको, लिफ्ट द्या, असं त्यांचं म्हणणं. 'मतिमंद', 'मूकबधिर' मात्र आता सोडा. मुलाला नावानं हाक मारा, ते सगळ्यात सोपं.

शाळा ऐकतच नाही. तक्रार कुठं करू?

आधी मुख्याध्यापक, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. सगळं लेखी. त्यानं काम झालं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करा. कायद्यानं राज्य आयुक्तांना तक्रारींची चौकशी करायचा अधिकार दिला आहे. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. अर्जात भावनिक मजकूर कमी ठेवा. तारीख, कुणाला भेटलात, काय उत्तर मिळालं आणि कलम १६, एवढं पुरे.

तुम्हाला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं तर तेही लिहून मागा: "हा विषय आमच्याकडे नाही." तो कागद पुढच्या खिडकीवर फार उपयोगी पडतो. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून पोच घ्या. जेवणाची सुट्टी आहे म्हणाले तर बाकावर बसून राहा, पोच घेतल्याशिवाय उठू नका.